कच्चा टाका

प्रमिलाताई माणूस भेटला की आधी त्याची कॉलर उलटी करून बघतात. ‘नमस्कार’, ‘कसं काय’ वगैरे नंतर, आणि तेही शिलाई पसंत पडली तर.

आमची पहिली भेट कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये झाली. आम्ही नुकतेच राहायला येत होतो. माझ्या डोक्यावर गादी, दोन्ही काखांत कुंड्या आणि दातांत किल्ल्यांचा जुडगा. अशा अवस्थेत एका ठेंगण्या बाईंनी टाचा उंचावून माझी कॉलर धरली. मला वाटलं, या सोसायटीत नव्या माणसाचं स्वागत असंच करत असतील. पुण्यात काय सांगावं! त्यांनी कॉलर उलटवली, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाल्या, “घाईत शिवलाय.”

मी किल्ल्या दातांतून सोडवत विचारलं, “शर्ट ना?”

“शर्टच. तुमचं अजून मला काय माहीत? कितवा मजला?”

“दुसरा.”

“मी तिसऱ्यावर. म्हणजे तुम्ही खालचे.”

त्या क्षणापासून मी ‘खालचे’. माझं आडनाव मतदार यादीत आहे, लाइटच्या बिलावर आहे, पण प्रमिलाताईंच्या तोंडात अजून आलेलं नाही. “अहो खालचे, जरा वर या!” ही हाक जिन्यातून आली की मी आधी माझी कॉलर चाचपतो. बायको म्हणते, “जा. पण अंगातला शर्ट अंगातच घेऊन परत ये.”

ताईंनी मुलींच्या एका शाळेत जन्मभर शिवणकाम शिकवलं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली आज परदेशात मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत, आणि असं म्हणतात की साधं बटण लावतानासुद्धा त्या दचकून मागे वळून बघतात. माणसांबद्दलचं ताईंचं मतही शिवणाच्या भाषेतच असतं. आमचे चेअरमन म्हणजे “वरून कडक इस्त्री, आत सगळं उसवलेलं.” माझ्या बायकोबद्दल त्या म्हणाल्या, “कापड उत्तम आहे हो. चुकीच्या मापावर बेतलं गेलं.” बोलताना बघत होत्या माझ्याकडे.

पुण्यात दारांवर कसल्या पाट्या असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. दुपारी बेल वाजवू नये, विक्रेत्यांनी जिना चढू नये, एकूण कुणी येऊच नये. ताईंच्या दारावर पाटी आहे: ‘बेल वाजवावी. दार लगेच उघडले नाही तर पुन्हा वाजवावी. निघून जाऊ नये.’ ही पाटी वाचून एका कुरिअरवाल्याला म्हणे रडू आलं होतं. त्याला या शहरात इतकं प्रेमाने कुणी कधी वागवलंच नव्हतं.

पण दाराआत पाऊल टाकलं असतं तर त्याच कुरिअरवाल्याची बोबडी वळली असती. कारण ताई राहतात एकट्या, आणि घरात माणसं चारशे. म्हणजे माणसं नाहीत, त्यांचे कपडे. भिंतींवर, दारांमागे, पंख्याच्या दांडीला, स्वयंपाकघरात मसाल्याच्या फळीखाली. एका बाहीचे ब्लाऊज, काजं न केलेले सदरे, अस्तर लोंबणारे कोट, नवरदेवाचा एक जरीचा अंगरखा, ज्याच्यात नवरदेव शिरला नाही तो नाहीच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका कोटाला “नमस्कार काका” म्हणून बसलो. नंतर कळलं, त्या कोटाला बाह्याच नव्हत्या.

हे सगळे कपडे न नेलेले. प्रत्येक शिंप्याच्या दुकानात मागे एक फळी असते. शिवून किंवा अर्धं शिवून ठेवलेलं, पण न्यायला कुणी न आलेलं त्या फळीवर जातं. कुणाचं लग्न मोडतं, कुणाची बदली होते, कोणी जाड होतं, कोणी नुसतंच विसरतं. शिंपी बिचारा वर्ष-दोन वर्षं वाट बघतो आणि मग त्याची पुसायची फडकी करतो. त्या फडक्यांच्या आधी तिथे प्रमिलाताई पोहोचतात. सिंहगड रोडपासून हडपसरपर्यंत, आणि तिथून वाघोलीपर्यंत, असा एक शिंपी उरला नाही ज्याच्या दुकानात या बाई बसने जाऊन उभ्या राहिल्या नाहीत. “न नेलेलं काही आहे का?” हा पहिला प्रश्न. “राखाडी पँट आहे का?” हा दुसरा. हडपसरच्या एका शिंप्याला वाटलं, धाड पडली. त्याने घाईघाईने गल्ल्याला कुलूप लावलं आणि मागच्या दाराने गावाला निघून गेला, असं मी सर्वांना सांगतो. निदान अर्धं तरी खरं आहे.

राखाडी पँट कधी मिळायची नाही. बाकीचं गाठोडं मात्र मिळायचं. शिंप्याला फळी मोकळी हवी आणि ताईंना ‘नको’ म्हणता येत नाही. गाठोड्याबरोबर फुटकी कात्री, वाकलेल्या सुया, रिकामी रिळं, मापाची झिजलेली टेप, गिऱ्हाइकाच्या खिशात सापडलेल्या किल्ल्या आणि सुटी बटणं, असला सगळा माल. पिशव्या उचलायला मी. दुकानांत त्या एकट्याच जायच्या, मी बाहेर रिक्षाचं मीटर आणि माझं नशीब बघत बसायचो.

हे सगळं घरात मावेना, तेव्हा ताईंनी ते एकमेकांना जोडायला घेतलं. ब्लाऊजला सदरा, सदऱ्याला परकर, मध्ये किल्ल्यांची झालर, कात्रीच्या पात्यांची नक्षी, टेपची किनार. जोडता जोडता त्याचे भलेमोठे पडदे झाले. गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांनी ते टांगले. चेअरमन येऊन म्हणाले, “ताई, हॉलमध्ये कपडे वाळत घालायला परवानगी नाही.”

“वाळलेलेच आहेत,” ताई म्हणाल्या.

त्या हॉलमध्ये कुणाच्या तरी भाचीने फोटो काढले, ते कुठल्या कुठे गेले आणि महिनाभरात आमच्या जिन्यात दाढ्या वाढवलेली, कानात डूल घातलेली तरुण मंडळी येऊ लागली. ताई त्यांच्याही कॉलरी उलट्या करून बघायच्या. मंडळींनी सांगितलं, हे मिक्स्ड मीडिया आहे. अशी ताईंची कारकीर्द, वयाच्या साठीनंतर, कुणालाही न विचारता सुरू झाली. एकदा एक मुलगी मुलाखत घ्यायला आली. मी चहा घेऊन तिथेच होतो.

“मॅम, तुमची प्रोसेस काय असते?”

“सुई ओवते.”

“नाही, म्हणजे त्याच्या आधी? इन्स्पिरेशन?”

“त्याच्या आधी चष्मा शोधते.”

मुलीने ते लिहून घेतलं आणि पुढे छापूनही आलं, ‘दृष्टीचा शोध’ या मथळ्याखाली.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, कारण इथेच माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या.

ताई हे सगळं जोडतात कच्च्या टाक्याने. कच्चा टाका म्हणजे पक्की शिलाई घालण्याआधी कापड जागेवर राहावं म्हणून घालतात तो लांब, सैल टाका. एक टोक धरून ओढलं की सर्रकन दोरा हातात. शाळेत हीच बाई मुलींना कच्च्या टाक्यावर काम सोडलं तर पट्टी दाखवायची. आणि आता दोन मजले उंच पडदे, त्यात शेरभर किल्ल्या, सगळं कच्च्या टाक्यावर!

“अहो ताई, पडेल ना!” मी म्हणायचो.

“पडू दे. पुन्हा घालेन.”

“पण पक्कं का नाही करत?”

“आणि कुणी आलं तर?”

हे त्यांचं पालुपद. कुणी आलं तर? उद्या एखादी बाई आली आणि म्हणाली, माझा ब्लाऊज द्या, तर? पक्की शिलाई उसवताना कापड फाटतं. लोकांच्या वस्तू आहेत, आपल्याकडे नुसत्या ठेवलेल्या. ताईंना त्याची खरोखर काळजी वाटायची. प्रदर्शनात त्या कधी भिंतीकडे बघत नसत, दाराकडे बघत असत. जिन्यात पाऊल वाजलं की हातातली सुई थांबायची. पोस्टमन निघाला की पुन्हा सुरू.

आणि प्रत्येक पडद्यात खाली उजव्या कोपऱ्यात वीतभर जागा मोकळी. ती राखाडीची. “मिळाली की लावेन.” यावर एका समीक्षकाने पानभर लेख लिहिला, की राखाडीची ही अनुपस्थिती म्हणजे महानगरी विस्मरणाचा मूक उद्गार आहे. मी तो ताईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “छान लिहिलंय. यांना विचारा, यांच्या माहितीत कुणी शिंपी आहे का.”

तर यंदा कोरेगाव पार्कातल्या एका मोठ्या गॅलरीने ताईंचं स्वतंत्र प्रदर्शन ठरवलं. गॅलरीचा निहार नावाचा पोरगेला व्यवस्थापक वर आला, ताईंच्या पाया पडला (कॉलर तपासून झाली होती) आणि म्हणाला, “मॅम, गुड न्यूज. हडपसरला एक आयटी कंपनी आहे, त्यांना तुमचा सगळ्यात मोठा पीस त्यांच्या लॉबीत हवाय. कायमचा. काचेच्या आत. एकदा तिथे लागला ना, की मग मुंबई, दिल्ली, सगळीकडून बोलावतील. फक्त एकच. तो नीट स्टिच करून द्या. त्यांचे साहेब ओपनिंगला येऊन बघणार आहेत.”

माझ्या डोळ्यांपुढे दिल्ली उभी राहिली. ताईंच्या डोळ्यांपुढे वॉचमन.

“त्या कंपनीत बाहेरच्या माणसाला सोडतात का हो?”

“बाहेरच्या? म्हणजे... आयकार्ड लागतं, मॅम.”

“मग कुणी आलं तर?”

निहारने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “होईल. सगळं होईल. जबाबदारी माझी.” असली वाक्यं माझ्या तोंडून कशी निघतात, याचा माझी बायको लग्नापासून शोध घेते आहे.

पुढचे सगळे दिवस आम्ही दोघं काळजीने वाळत गेलो. मला काळजी, पडदा पडेल याची. ताईंना काळजी, पडदा जाईल याची. मी रोज वर जायचो. “ताई, निदान कडेने तरी मशीन मारा.” त्या सुई खाली ठेवायच्या, पडद्याकडे बघायच्या. संधी कळत नव्हती असं नाही. एकदा तर म्हणाल्या, “दिल्लीला मी कधी गेले नाही हो. जायला आवडेल.” मशीनवरचं झाकणही काढलं. दोरा ओवला, कापड पायाखाली सरकवलं, चाकावर हात ठेवला. मग हात काढला आणि झाकण पुन्हा घातलं. “उद्या बघू.” ते उद्या काही उजाडलं नाही.

पडदा टेम्पोतून नेला, त्या दिवसाचं वर्णन मी शक्यतो जेवणानंतर करत नाही. तो गुंडाळायलाच इतका वेळ लागला की एक टोक गुंडाळून होईस्तोवर दुसऱ्या टोकाची फॅशन बदलली. टेम्पोच्या मागे मी, पडद्याच्या कोपऱ्याला मिठी मारून. पूल चढल्यावर वाऱ्याने पहिली बाही सुटली आणि माझ्या गालावर सपासप मारायला लागली. मग एक परकर उडाला आणि मागून येणाऱ्या बुलेटवाल्याच्या हेल्मेटवर बसला. तो म्हणाला ते इथे छापता येणार नाही. चौकातल्या हवालदाराने हात वर करून टेम्पो थांबवला. तेवढ्यात एका कोटाची बाही फडफडत वर गेली आणि त्याला कडक सलाम ठोकून खाली आली. हवालदाराने नकळत उलट सलाम केला आणि जा म्हणाला. टेम्पोच्या मागून, रिक्षातून, प्रमिलाताई डोकं बाहेर काढून ओरडत होत्या, “परकर घ्या! अहो खालचे, परकर! लोकांचा आहे तो!” मी तो परकर परत मिळवला. कसा, ते मी आणि तो बुलेटवालाच जाणतो.

गॅलरीत निहारने पडद्याची अवस्था बघितली आणि भिंतीला टेकला. दबक्या आवाजात मला म्हणाला, “अंकल, माझ्याकडे ग्लू गन आहे. मॅम चहाला गेल्या की...”

“चहाला जात नाही मी,” ताई मागूनच म्हणाल्या. आणि खरंच, त्या दिवशी शिडीवर चढून त्यांनी सुटलेलं सगळं पुन्हा जोडलं. कच्च्या टाक्याने.

उद्घाटनाची संध्याकाळ. दिवे, फुलं, चीजचे तुकडे टोचलेल्या काड्या, आणि पांढऱ्या भिंतीवर तो प्रचंड पडदा, पंख्याच्या वाऱ्यावर श्वास घेतल्यासारखा हलणारा. प्रत्येक हेलकाव्याला माझा एक श्वास कमी होत होता. निहारने सगळे पंखे बंद केले. माणसं घामाघूम झाली, पण पडदा थांबला. कंपनीचे साहेब आले, हात मागे बांधून पडद्यापुढे उभे राहिले, दोनदा “व्वा” म्हणाले. निहारने मला डोळा मारला. ताई दाराशी उभ्या, येणाऱ्या प्रत्येकाकडे टाचा उंचावून बघत.

साहेब ताईंकडे वळले. “मॅडम, आम्हाला पसंत आहे. फक्त ते पक्कं करून द्यायचं तेवढं...”

तेवढ्यात पडद्यापाशी गलका झाला.

वाघोलीकडची एक बाई, चाळिशीच्या पुढची, तिच्या कॉलेजातल्या लेकीने ओढून आणलेली. ती पडद्याच्या अगदी जवळ नाक नेऊन उभी होती. लेक तिचा पदर ओढत होती. “आई, हात नको लावू! लिहिलंय तिथं!”

“अगं पर ह्यो माझा हाय!”

“काय तुझा?”

“ह्यो पोपटी ब्लाऊज! धाकटीच्या लग्नाला शिवायला टाकलेला. मग सासूबाई पडल्या न्हाणीत, त्यांचं करता करता ऱ्हाऊनच गेला. मागनं गेले तर शिंपी दुकान उठवून गेलेला.”

“आई, पोपटी ब्लाऊज काय जगात एकच असतो का? चल ना, सगळे बघतायत.”

“कापड कमी पडलं तवा शिंप्यानं काखंत निळा तुकडा लावला व्हता. मी लई भांडले त्याच्याशी. उलटून बघा म्हणावं!”

ताई गर्दीतून पुढे आल्या. इतक्या हळू आल्या की मला वाटलं, चालणं विसरल्या. त्यांनी त्या बाईच्या अंगावरची शिलाई बघितली नाही. ही पहिलीच वेळ. पडद्याला हात घातला, ब्लाऊजची काख उलटवली. निळा तुकडा.

“आलात होय,” ताई म्हणाल्या. आवाज ओळखू येत नव्हता.

“मॅम,” निहार पुढे सरसावला, “मॅम प्लीज, ते... ऑलमोस्ट सोल्ड आहे!”

ताईंनी दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं. मी डोळे मिटले. सर्रर्र असा आवाज आला, आणि मग टपटप, टपटप. बटणं, किल्ल्या, एक कात्रीचं पातं. शेजारचा सदरा एका खांद्यावर लोंबकळला. साहेबांच्या बुटावर रीळ पडलं आणि घरंगळत दारापर्यंत गेलं. डोळे उघडले तेव्हा पडद्याच्या मधोमध ब्लाऊजएवढं भोक होतं, त्यातून मागची पांढरी भिंत दिसत होती, आणि ब्लाऊज त्या बाईच्या हातात होता.

बाईच गडबडली. “आवो ताई, पर आता मला कुठला बसतोय! तवा मी काडी होते.”

“बसेल. आत दोन बोटं माया ठेवलीय शिंप्याने, दुमडून. कापड कमी पडलं ते त्यामुळेच. हात वर करा बघू.” ताईंनी गळ्यातली टेप काढली, भर गॅलरीत त्या बाईचं माप घेतलं, चष्मा नाकावर ओढला आणि फरशीवर मांडी घालून ब्लाऊजची बाजू सोडायला बसल्या. बाई त्यांच्याजवळ टेकली, लेक टेकली. साहेब काही वेळ उभे राहिले. मग घड्याळ बघितलं, निहारला “पक्कं झालं की बोलू” म्हणाले आणि गेले. ताईंनी मान वर केली नाही. शेवटचा टाका त्यांनी दाताने तोडला. हा मात्र पक्का होता. मी पाहिला.

रिक्षातून परत येताना मी न राहवून म्हणालो, “हातातलं गेलं हो, ताई.”

“गेलं नाही. नेलं,” त्या म्हणाल्या. मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसल्या होत्या. पाऊल वाजण्याची वाट न बघणारा त्यांचा चेहरा मी प्रथमच बघत होतो. पण तो चौकापुरताच टिकला. एका गल्लीच्या तोंडाशी नवीन दुकान दिसलं, शटर अर्धं खाली आलेलं. “थांबवा, थांबवा!”

नेहमी मी बाहेर बसतो. त्या दिवशी त्यांचे गुडघे दुखत होते म्हणून हात द्यायला आत गेलो.

“न नेलेलं काही आहे का?”

“नवीनच दुकान आहे, काकू. फार नाही.”

“राखाडी पँट? पुढे दोन चुण्या. कंबर दोन बोटं कमी करायला टाकलेली.”

शिंप्याने मान हलवली. बदल्यात एका कुर्त्याची पिशवी दिली. ती घेऊन आम्ही रिक्षात बसलो.

“कमी करायची?” मी म्हणालो. “पडद्याला कंबर कशाला हवी, ताई?”

त्या बाहेर बघत होत्या.

“ह्यांची आहे.”

इतक्या वर्षांत ताईंच्या तोंडून ‘हे’ हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. घरात फोटोसुद्धा नाही.

“शेवटी शेवटी फार वाळले होते हो. पँट अंगावर राहायची नाही. मी म्हटलं, मी घेते आत, किती वेळ लागतोय! तर म्हणाले, दवाखाना करून आधीच डोळे गेलेत तुझे, बाहेर टाक. जन्मभर शिवण शिकवलं, आणि तेवढी एक बाहेर टाकली.” पिशवीची गाठ त्या उगीच सोडत-बांधत होत्या. “न्यायच्या आत हे गेले. मग तेरावा, माणसं, गडबड. दिरांनी सगळे कपडे देऊन टाकले. चांगल्या मनानेच दिले. कपाट अगदी पुसून लख्ख केलं. मला फार उशिराने आठवलं, एक बाहेर आहे. गेले, तर दुकान उठलेलं. कुणी म्हणालं हडपसरला गेला, कुणी म्हणालं वाघोलीला. साधी पाटीसुद्धा नव्हती हो, कुठे गेलो म्हणून.”

रिक्षा आमच्या गल्लीत वळली.

“मी गेले होते,” ताई म्हणाल्या. “उशिरा गेले. पण गेले होते.”

मी एक बोलघेवडा माणूस. मुंगी दिली तर हत्ती करून परत देतो. पण या गोष्टीत वाढवून सांगण्यासारखं मला काही सापडलं नाही.

पडदा आता परत तिसऱ्या मजल्यावर आहे. मध्ये पोपटी भोक, कोपऱ्यात राखाडीची वीतभर जागा, बाकी सगळं कच्च्या टाक्यावर. निहार अधूनमधून येतो, भोकाकडे बघून उसासे टाकतो, आणि ताई त्याची बटणं लावून देतात.

परवा एका कामासाठी वाघोलीला गेलो होतो. काम झालं, बसला वेळ होता. रस्त्याच्या पलीकडे एका म्हाताऱ्या शिंप्याचं दुकान दिसलं. पाय आपोआप तिकडे गेले.

“न नेलेलं काही आहे का?” मी विचारलं. “राखाडी पँट. पुढे दोन चुण्या. कंबर दोन बोटं कमी करायची होती.”

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “पावती?”

“नाही.”

“कवा टाकलेली?”

“फार दिवस झाले,” मी म्हणालो. “न्यायला यायला उशीर झालाय. पण आलोय. तेवढं बघा.”

त्याने पाय मशीनवरून काढला, स्टूल ओढलं आणि वरच्या फळीकडे हात नेला.